नव्वद वर्षांचा मोंगखोन

बँकॉकपासून लांब, नांग रोंग गावातल्या प्रत्येक बॉक्सरच्या कंबरेचा घेर रबियाबला पाठ आहे. खरा किती आणि तो सांगतो किती, दोन्ही. बाजारामागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. तिथे गेली एकतीस वर्षं ती बॉक्सिंगच्या चड्ड्या शिवते. सॅटिनच्या, रुंद इलॅस्टिकच्या, पुढे सोनेरी अक्षरांत तालमीचं नाव आणि मागे एखाद्या खताच्या नाहीतर टायरच्या दुकानाची जाहिरात. जिंकलेला बॉक्सर यशाचं श्रेय गुरूला, आईला आणि देवळातल्या भिक्खूंना देतो. हरलेला मात्र चड्डी घेऊन थेट रबियाबकडे येतो.

"मावशी, डाव्या मांडीत ओढत होती बघा."

"डावी मांडी नव्हे रे, डावा गाल. तिथे चार वेळा बसली. ती काय मला उसवता येत नाही."

तिचा धाकटा भाऊ सामरान गावाबाहेर तालीम चालवतो. तालीम वडिलांची, वस्तादकीही वडिलांचीच. रबियाब त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. त्याला आंघोळ घालणं, त्याचं नाक पुसणं, पहिल्या लढतीच्या आधी भीतीने ओली झालेली चड्डी कुणाला न कळता धुऊन वाळवणं, ही कामं तिने केली. पण आता वस्ताद झालेल्या सामरानच्या रिंगला तिचा हात लागून चालत नाही. बाईचा स्पर्श झाला की रिंगच्या फळ्यांखाली पुरलेल्या मंतरलेल्या वस्तूंची ताकद जाते. रिंगवरचं कापड फाटलं, की चार पठ्ठे ते सोडवतात, पिकअपमध्ये टाकतात आणि तिच्या दुकानात आणून देतात. ती ते मांडीवर घेऊन दोन दिवस मशीन चालवते. परत जाऊन रिंगवर चढलं की कापड पुन्हा सोवळ्यात. मधले दोन दिवस ते कशात असतं, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

रिंगहून सोवळा तालमीचा मोंगखोन. लढतीआधी गुरू पठ्ठ्याच्या डोक्यावर चढवतो ते कापडाने मढवलेलं दोरीचं कडं, मागे शेपटी असलेलं. तो जमिनीवर ठेवायचा नाही, ओलांडायचा नाही आणि बाईच्या हाती तर नाहीच नाही. सामरानने तो तालमीतल्या सगळ्यात उंच खिळ्यावर टांगला होता. परदेशातून शिकायला येणाऱ्यांना तो पहिल्याच दिवशी त्याखाली उभं करून सांगे, "नव्वद वर्षांचा आहे. माझ्या आजोबांनी वळला. आजवर बाईची सावलीसुद्धा पडलेली नाही."

रबियाबने हे भाषण शेकडो वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी ती गप्प राहिली होती. कारण आजोबांचा मोंगखोन सतरा वर्षांपूर्वी उंदरांनी खाल्ला. दर लढतीला मालिशच्या तेलाचे हात लागून लागून तो चांगला मुरला होता, उंदरांना तो आवडला. सामरान तेव्हा पठ्ठे घेऊन बँकॉकला गेला होता. वडील उरलेली शेपटी हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. रबियाबने पडद्याची दोरी घेतली, सॅटिनच्या कातरणाचं अस्तर केलं, वरून जुनं विटकं कापड गुंडाळलं आणि दुपारच्या जेवणाआधी नवा मोंगखोन वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन दिवस धुरात टांगला, भिक्खूंकडून मंतरून आणला आणि मुलीला सांगितलं, "सामरानला कळता कामा नये. त्याची बुद्धी बेताची आहे, निदान श्रद्धा तरी शाबूत राहू दे."

वडील गेले, तरी ती गप्पच होती. आताही राहिली असती, पण पिकुनचं लढतीचं पत्रक आलं.

पिकुन तिची मुलगी, वय बावीस. अकरा वर्षं मामाच्या तालमीत घाम गाळते आहे. मुख्य रिंग मुलांसाठी, पिकुनसाठी मागे सिमेंटच्या ओट्यावर टाकलेल्या चटया. शनिवारी देवळाच्या जत्रेत तिची लढत होती, सुरीन गावच्या एका मुलीशी. जत्रेच्या रिंगमध्ये हल्ली बायकांना सोडतात, पण खालच्या दोराखालून सरपटत. ती मुलगी मागच्या वर्षी पिकुनला हरवून गेली होती. आजवर पिकुन उघड्या डोक्याने लढत आली होती, नाहीतर खेळाच्या सामानाच्या दुकानातलं नायलॉनचं पिवळं कडं घालून.

त्याच महिन्यात डेन्मार्कहून माड्स नावाचा एक तरुण आला. सव्वासहा फूट उंच, पोटरीवर वाघ गोंदवलेला. तीन आठवड्यांची फी त्याने आगाऊ भरली होती. बाराव्या दिवशी शेजारच्या गावात त्याची लढत लावली, तेव्हा सामरानने खिळ्यावरचा मोंगखोन उतरवून त्याच्या डोक्यावर चढवला. माड्सच्या डोक्याला तो लहान पडला, कानांच्या वरच अडकून राहिला. दुसऱ्या फेरीत माड्सही पडला.

त्या दिवशी रबियाब भावाकडे गेली.

"शनिवारी पिकुनच्या डोक्यावर तालमीचा मोंगखोन घाल."

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? विटाळेल तो."

"त्या डेन्मार्कवाल्याने विटाळला नाही?"

"तो पुरुष आहे."

"बारा दिवसांचा. माझी अकरा वर्षांची आहे."

"ताई, हे शिवणकाम नव्हे. यात तुला काही कळत नाही," सामरान म्हणाला आणि शिटी फुंकून पोरांना दोरीवरच्या उड्या मारायला लावून मोकळा झाला.

रबियाब तेव्हाच बोलू शकली असती. पण वडिलांना दिलेला शब्द आडवा आला. ती घरी गेली आणि पिकुनच्या चड्डीवर पाच नंबरच्या सुईने नाव भरत बसली. तिचं लक्ष ठिकाणावर नसावं, एक अक्षर दोनदा उसवावं लागलं.

पुढचं सामरानने स्वतःच्या हाताने केलं. गुरुवारी माड्स मोबाईलवर चित्रण करत होता, म्हणून वस्तादांनी मोंगखोन किती मजबूत आहे ते दाखवायला तो दोन्ही हातांनी वाकवला. मागचा सांधा टरकन उसवला आणि शेपटी लोंबू लागली. शनिवारी तालमीच्या पाच पठ्ठ्यांच्या लढती. उसवलेला मोंगखोन घेऊन रिंगमध्ये गेलं, तर चार गावांच्या वस्तादांना वर्षभर पुरेल इतकं हसू.

तासाभरात पिकअप रबियाबच्या दुकानासमोर उभी राहिली. सामरान उतरला तो हातात बांबू धरून. बांबूच्या टोकाला मोंगखोन टांगलेला, बहिणीच्या डोक्यापेक्षा उंच. मागून माड्स वाकून दारातून आत आला.

"ताई, तू हात लावायचा नाहीस. नुसतं तोंडाने सांग. हा शिवेल."

"हा?"

"यांच्याकडे मुलांना शाळेत शिवण शिकवतात म्हणे."

"मी शिकलो," माड्स मोडक्यातोडक्या भाषेत अभिमानाने म्हणाला. "उशी. एक उशी केली. बेडकाची."

रबियाबने भावाकडे पाहिलं, बेडकाच्या उशीवाल्याकडे पाहिलं आणि सुईदोरा पुढे सरकवला. अकरा वर्षांची पिकुन चालत नाही, एकतीस वर्षांची आपण चालत नाही, बारा दिवसांचा बेडूक चालतो. ती स्टुलावर मागे टेकून बसली.

"आधी जुना टाका पूर्ण काढ. अर्धवट टाक्यावर टाका घालायचा नसतो. अस्तर बाहेर ओढ. ओढ ना, लाजतोस काय, बॉक्सर आहेस ना?"

माड्सने अस्तर ओढलं. आतून चकचकीत निळ्या सॅटिनची पट्टी बाहेर आली, तिच्यावर सोनेरी दोऱ्याने भरलेली अक्षरं. सामरान वाकला. अक्षरं त्याच्या ओळखीची होती. सतरा वर्षांपूर्वी त्याच्याच एका पठ्ठ्याच्या चड्डीवर मागच्या बाजूला, जाहिरातीत होती ती.

"काय लिहिलंय?" माड्सने विचारलं.

"मंत्र आहे," सामरान म्हणाला. आवाज पातळ झाला होता.

"पण हे आकडे आहेत. आकडे मला वाचता येतात. शून्य, आठ, एक..." माड्स थांबला. "हा मोबाईल नंबर आहे?"

"जुन्या काळचा मंत्र आहे, त्यात आकडे असतात. जा, बाहेर जाऊन उसाचा रस पी."

माड्स रस प्यायला गेला. बांबू सामरानच्या हातातच होता, फक्त त्याच्या टोकाला आता काही नव्हतं.

"बाबा?" त्याने विचारलं.

"बाबांनी मंतरून आणला. शिवला मी. आजोबांचा उंदरांनी खाल्ला."

"तू हात लावलास?"

"पायाने शिवता येत नाही अजून."

सामरान मटकन चड्ड्यांच्या गठ्ठ्यावर बसला. सतरा वर्षांत त्याने हा मोंगखोन किती डोक्यांवर चढवला होता, त्यातले किती जिंकले होते, याचा हिशोब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता आणि तो जमत नव्हता.

"कुणाला सांगू नकोस, ताई. तालीम बसेल माझी."

"नाही सांगत. शनिवारी पिकुन घालेल."

"अगं, विटाळ..."

"सतरा वर्षांपूर्वीच झालाय विटाळ. त्यानंतर दोन पठ्ठे तुझे बँकॉकच्या स्टेडियममध्ये जिंकले. विटाळाने इतकं होत असेल, तर रोज कर."

सामरानने उठून दुकानाचं शटर अर्धं ओढलं. रबियाबने सात मिनिटांत सांधा शिवला आणि दोरा दाताने तोडला. भावाने तेव्हा डोळे मिटून घेतले होते.

शनिवारी दुपारी चार वाजता पिकुनची लढत पुकारली. रबियाब रिंगपासून नेमाप्रमाणे चार पावलं लांब उभी होती. कोपऱ्यात सामरान मोंगखोन घेऊन आला, तसे जत्रा समितीचे अध्यक्ष धावले.

"वस्ताद, हे काय? बाई खालच्या दोराखालून आत जाणार आणि मोंगखोन तर दोराखालून नेत नाहीत. मग तो जाणार कुठून?"

"तो माझ्याबरोबर वरून येईल. आत तिच्या डोक्यावर घालीन."

"पण पुढे मुलांच्या लढती आहेत! रिंगचं काय होईल?"

सामरानने अध्यक्षांच्या हातातून माईक घेतला. आपल्या भावाला माईक मिळाला की काय होतं, ते रबियाबला माहीत होतं.

"मंडळी," तो म्हणाला, "परवा पहाटे माझे वडील स्वप्नात आले. पांढरीशुभ्र वस्त्रं, चेहऱ्यावर तेज. म्हणाले, सामरान, माझ्या नातीला माझा आशीर्वाद दे. गुरूची आज्ञा मोडणारा मी कोण?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन बायकांनी डोळे पुसले. वडिलांनी जन्मभर कंबरेला चौकड्यांचा पंचा सोडून दुसरं काही गुंडाळलं नव्हतं, हे रबियाबच्या शेजारी निखाऱ्यावर चिकन भाजून विकणाऱ्या बाईलाही माहीत होतं. "स्वप्नात कपडे बदलतात वाटतं," ती म्हणाली आणि पंख पलटत राहिली.

पिकुन गुडघ्यांवर सरपटत खालच्या दोराखालून आत गेली. सामरान वरून ओलांडून गेला. त्याने मोंगखोन तिच्या डोक्यावर ठेवला, ओठ हलवले आणि नेहमीसारखा जोरात खाली दाबला. तो नीट बसला. सनईसारखं वाद्य सुरू झालं, पिकुनने तीन वेळा नमस्कार केला आणि रिंगभर संथ पावलांनी नाच पूर्ण केला. रबियाबची नजर मात्र मागच्या सांध्यावर होती. सांधा जागच्या जागी होता.

सामरानने मोंगखोन उतरवून खांबावर टांगला आणि लढत सुरू झाली. पहिल्या दोन फेऱ्यांत दोघी एकमेकींना जोखत होत्या. तिसरीत पिकुनने सुरीनच्या मुलीची मान पकडली आणि गुडघे घालायला सुरुवात केली, चौथीत ती मान सोडलीच नाही. पाचवीत ती मागे सरकत, हात वर धरून नुसती फिरत राहिली. गुणांत पुढे असलेल्याने तसंच करायचं असतं. "मार! मार ना!" माड्स एकटाच ओरडत होता. लोक त्याच्याकडे दयेने बघत होते.

पंचांनी पिकुनचा हात वर केला. पिकुन दोराखालून बाहेर आली आणि आईसमोर जमिनीवर माथा टेकला.

"ऊठ," रबियाब म्हणाली. "डाव्या मांडीत ओढत होती का?"

"नाही."

"मग बरं."

त्यानंतरच्या लढतींत तालमीचे पाच पठ्ठे रिंगमध्ये गेले. तीन जिंकले, दोन हरले. हरलेल्या दोघांनी या वेळी चड्डीला दोष दिला नाही. बाईच्या डोक्यावरचा मोंगखोन आमच्या डोक्यावर घातला, मग दुसरं काय होणार, असं त्यांनी जत्राभर सांगितलं. जिंकलेले तिघेही विचार करून त्यांच्या बाजूला गेले.

मंगळवारी सामरान दुकानात आला. हातात बांबू नव्हता.

"पोरं तो घालायला तयार नाहीत, ताई. पिकुनलाच राहू दे म्हणतात."

"राहू दे. तिच्या डोक्याला बसतो."

"मग पोरांना काय?"

रबियाबने मशीन थांबवलं नाही. सामरानने गल्लीत पाहिलं, रसवाला गिऱ्हाइकात गुंतला होता. त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

"एक शिवून दे. गुरुवारपर्यंत. आणि कुणाला..."

"नाही सांगत." तिने खणातून पडद्याची दोरी काढली आणि लांबी मापायला स्वतःच्या डोक्याभोवती गुंडाळली. "किती जुना हवा?"

सामरानने मनापासून विचार केला.

"हल्ली सुरीनवाले ऐंशीचा सांगतात. शंभर कर."

"शंभरला धुरात चार दिवस लागतील. शनिवारी ये," रबियाब म्हणाली आणि दोरी कापली.