सालेमच्या बंदुकीचा नेम

कानशीने लोखंड घासलं की टेबलाखाली कीस पडतो. झाडला नाही तर बघता बघता ढीग होतो. किस्सेही तसेच. आम्ही दुबईत देऱ्याच्या बाजारात बसलो होतो ते बंदुका आणि स्टोव्ह दुरुस्त करायला, किस्से गोळा करायला नव्हे. पण झाडणार कोण?

गोष्ट साठच्या दशकाच्या सुरुवातीची. अमिरात नावाचा देश तेव्हा अजून व्हायचा होता. दुकान अब्दुल्ला अरबाबचं. अरबाब म्हणजे मालक. आत आम्ही दोघे, दोघेही रत्नागिरीकडचे. स्टोव्ह आणि शिलाई मशिनं माझ्याकडे, बंदुका कासमभाईंकडे. कासमभाई माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून मान राखायचा, नाहीतर रोज जुंपली असती. गावी भातात शिरणाऱ्या डुकरांवर त्यांनी ठासणीची बंदूक चालवली होती, तेवढ्या भांडवलावर ते इथे 'गनस्मिथ' झाले. हाताला गुण होता, हे खरं. ऐकून घेण्याचं मात्र नाव नाही.

*

एकदा खोर फक्कानच्या डोंगरातला सालेम नावाचा म्हातारा आला. त्याच्याकडे अमेरिकन शिकारी रायफल होती. खाली कडीसारखा लोखंडी दांडा, तो पुढे ढकलून मागे ओढला की नवं काडतूस आत. कासमभाई तिला 'दांड्याची बंदूक' म्हणायचे. सालेमची तक्रार एकच: पहिली गोळी कुठे, तिसरी कुठे, काही मेळ नाही.

कासमभाईंनी बंदूक हातात घेतली, घोडा मागे ओढून पाहिला आणि मला म्हणाले, "शरफू, त्याला सांग, घोडा जड आहे. त्याने नेम हलतो."

माझं अरबी तेव्हा बाजारातलं, भाजी घेण्यापुरतं. बंदुकीच्या घोड्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. मी सरळ सांगून टाकलं, "तुमचा घोडा फार जड आहे. त्यामुळे नेम चुकतो."

सालेमने बंदुकीकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "मी उंटावरून आलोय."

*

घोड्याची स्प्रिंग हलकी केली, झालं. मग कासमभाईंनी बंदुकीला खोबरेल पाजलं. पाजलं म्हणजे पाजलंच. आमच्याकडे चार महिने पाऊस, लोखंड बाहेर ठेवलं की तांबडं होतं, त्यामुळे कोकणातला माणूस लोखंड दिसलं की तेलाची बाटली शोधतो. मी म्हटलं, "कासमभाई, इथे पाऊस कुठे आहे?" म्हणाले, "तू स्टोव्ह बघ."

सालेम परत आला तेव्हा दांडा हलत नव्हता. त्याने बंदूक काउंटरवर उलटी धरून आपटली, तर आतून तेलात कालवलेली वाळू पडली. पुरणासारखा गोळाच.

अरबाब उठून बघायला आला. कासमभाई म्हणाले, "वाळू त्याची, तेल माझं. आता चूक कोणाची?"

अरबाब हसला नाही. सालेम त्याच्या वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "कासम, कराचीहून एक कारागीर येतोय. सालेम खूश झाला तर बंदुका तुझ्याकडे. नाही झाला तर तू शरफूबरोबर स्टोव्ह कर. खलास."

कासमभाईंचा चेहरा उतरला. गावात त्यांची ओळख 'दुबईचे बंदूकवाले' अशी झाली होती. मशिदीत लोक जागा करून द्यायचे. स्टोव्हवाल्याला कोण जागा करून देतो? मला माहीत आहे, कोणी नाही.

*

बंदूक रॉकेलने धुऊन कोरडी केली. मग कासमभाईंनी तिचा एकूण एक स्क्रू आवळला. "ज्याचा स्क्रू ढिला, त्याचा नेम ढिला," ते म्हणाले.

"मग सुरुवात तुमच्यापासून करायला हवी होती," मी म्हटलं. बहिणीच्या नवऱ्याला असं बोलू नये, पण तोंडातून गेलं.

वाळवंटात नेऊन तुपाच्या डब्यावर नेम धरला. पहिली बरोबर. पुढच्या वर वर सरकत गेल्या. कासमभाईंनी आधी काडतुसांना दोष दिला, मग उन्हाला, मग मी शेजारी उभा राहून श्वास घेतो म्हणून मला. सगळं आवळून नेम आधीपेक्षा बिघडला होता.

दुकानात आलो तर उकाड्याने त्यांची बोटं सुजली होती आणि चांदीची अंगठी रुतून बसली होती. बादलीत साबण कालवून ते बोट चोळत बसले, मला शिव्या देत. मध्येच थांबले. अंगठीकडे बघितलं, मग बंदुकीकडे. त्या बंदुकीत नळीखाली काडतुसांची दुसरी नळी असते आणि दोन्हींना मिळून एक लोखंडी पट्टा. नळी तापली की फुगते, आणि पट्टा घट्ट असेल तर तिला सरकायला जागा नाही, मग ती वाकडं तोंड करते.

साबणाचा हात तसाच घेऊन ते उठले आणि पट्टा आतून किंचित घासून सैल केला. अंगठी तशीच राहिली. म्हणाले, "बोटाला नेम धरायचा नाहीये."

*

एवढं करूनही गोळ्या थोड्या इकडेतिकडे जायच्याच. कासमभाईंनी नळीचं तोंड उजेडात धरलं आणि सालेमला बोलावून माझ्यामार्फत विचारलं, "चाचा, साफ कशाने करता?" सालेमने अभिमानाने कमरेचा लोखंडी गज दाखवला. रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर तो नळीच्या तोंडातून घालून घासायचा. त्याच्या बापानेही तेच केलं होतं.

"नाक शिंकरून शिंकरून नाकच झिजवलंय," कासमभाई मला मराठीत म्हणाले. सालेमने विचारलं काय म्हणतो, तर मी सांगितलं, "तुमच्या शिस्तीचं कौतुक करतोय." घोड्यानंतर मी भाषांतरात सावध झालो होतो.

तोंडाची कड घासून सारखी केली. तांदळाच्या गोणीत वाळू भरली आणि बंदुकीचा लाकडी भाग त्यावर टेकवून कासमभाईंनी डब्यावर गोळ्या झाडल्या. सगळ्या एका तळहाताखाली मावतील इतक्या जवळ. मला खरंच आनंद झाला, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

सालेम मात्र गोणीकडे बघत होता. "डोंगरात रानबोकड मला ही गोणी आणून देणार का?"

मग त्याने स्वतः उभ्याने झाडल्या. त्याही डब्याला लागल्या. कासमभाई वाट बघत होते की आता म्हातारा शाबास म्हणेल. म्हातारा म्हणाला, "थोरल्या भावाबरोबर शिकारीला जातो. आल्यावर सांगतो, इन्शाल्ला."

वाटभर कासमभाई फणफणत होते. "इन्शाल्ला म्हणतो! म्हणजे काय समजायचं माणसाने?" स्वतः मात्र ते प्रत्येक गिऱ्हाइकाला 'उद्या इन्शाल्ला' सांगून परत पाठवायचे.

*

थंडी सरता सरता सालेम आला. कराचीचा कारागीर त्याच आठवड्यात उतरला होता आणि बाकावर चहा पीत होता. सालेमने बंदूक काउंटरवर ठेवली.

"काय झालं?" अरबाबने विचारलं.

"काम बिघडलं."

कासमभाई खाली बसले. मला त्यांची फार दया आली. अरबाबने बंदूक कराचीवाल्याकडे दिली. त्याने दांडा ओढला, नळीतून उजेड पाहिला, घोडा तपासला. म्हणाला, "इसमें तो कोई खराबी नहीं है."

मी ते सालेमला अरबीत सांगितलं. सालेम म्हणाला, "नाही ना. तीच तर खराबी."

मग त्याने सांगितलं. कड्यावर मोठा बोकड उभा होता. आधी थोरल्या भावाने झाडली, तशी रीतच आहे. चुकली. मग याने झाडली. लागली.

"मग चांगलं झालं की," अरबाब म्हणाला.

"जन्मभर तो मारतो आणि मी चुकतो. संध्याकाळी शेकोटीपाशी तो मला हसतो आणि मी त्याला कॉफी ओततो. यंदा त्याने कॉफी घेतली नाही. घरी आलो तरी घेत नाही. आईबाप गेले, बाकीचे भाऊ गेले, आम्ही दोघेच उरलोय." म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. "बंदूक होती तशी करून द्या."

कराचीवाल्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. सालेमने बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली. "होती कशी, हे तुला काय ठाऊक? तो करेल." आणि कासमभाईंकडे बोट दाखवलं. अरबाबने मान डोलावली आणि कराचीवाल्याला म्हणाला, "तू उद्यापासून शरफूबरोबर स्टोव्ह बघ."

मला वाटलं, आता कासमभाई भांडणार. एवढी मेहनत करून बसवलेला नेम कोण मोडून देईल? पण त्यांनी बंदूक घेतली, फडक्याने पुसली, नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी अंगठ्याने चाचपून पाहिली.

"चाचा," ते म्हणाले, "डावीकडे चुकवू की उजवीकडे?"

सालेमने जरा विचार केला. "भाऊ माझ्या उजव्या हाताला बसतो," तो म्हणाला. "डावीकडे."