दर घराचं एक लाकूड

त्याला पहाटे फाशी दिली आणि सकाळी रत्नागिरीत आमच्या नाक्यावर पेढे वाटले गेले. माझ्याही पुढे खोका आला. मेलेल्यांची नावं काय, असं मी वाटणाऱ्याला विचारलं. त्याला एकही सांगता येईना. खुन्याचं मात्र आडनावासकट पाठ. न्याय झाला म्हणे. झाला असेल, पण त्या माणसापुढे खरा प्रश्न तुपकट बोटं कुठं पुसायची एवढाच उरला होता.

मी फाशीच्या विरुद्ध पत्रकं वाटते, म्हणून मला खुन्यांची मावशी म्हणतात. म्हणू देत. पण एक सांगून टाकते, तो माणूस नीच होता. खेडच्या आत, डोंगरातल्या आपल्या गावात त्यानं शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोला मारलं, आणि सुट्टीत मुंबईहून आलेल्या त्यांच्या शाळकरी नातीलाही. कशासाठी? म्हातारीच्या अंगावरच्या चार दागिन्यांसाठी. त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. सरकारनं माणसं मारू नयेत, एवढंच माझं म्हणणं. ते नीच माणसालाही लागू आहे. नाहीतर ते म्हणणं कसलं?

त्या गावाची एक रीत आहे. कुणी गेलं की दर घरातून एक लाकूड सरणाला जातं. बोलवावं लागत नाही. ज्याला रान नाही तो कुंपणाची मेढ उपटून नेतो, पण नेतो. त्या तिघांच्या सरणालाही गाव लोटला, आणि तेव्हा पकडला न गेलेला हा इसम आपल्या घरचं लाकूड खांद्यावर घेऊन सगळ्यांत पुढे. ऐनाच्या झाडाचा जाडजूड सोट. स्वतःच्या हातानं रचला. नंतर पोलिसांनी त्याला उचललं, तेव्हा गावाला खुनांपेक्षा त्या सोटाचा राग जास्त आला. खून घरात झाले होते, लाकूड मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिलं होतं.

राग काढायला तो हाती नव्हता. त्याची आई होती. विधवा, एकटी. सगळे तिला काकी म्हणायचे, ते बंद झालं. गिरणीत तिचं दळण शेवटी. शिमग्यात पालखी घरोघर फिरायची आणि हिच्या अंगणासमोर भोयांच्या पायांना अचानक वेग यायचा. मी तिथं पहिल्यांदा गेले ती वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, असं पत्रक घेऊन. गावकीचे मानकरी म्हणजे मुंबईत नोकरी संपवून पेन्शनीवर परतलेले गृहस्थ. त्यांनी पत्रक चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घालून मला परत दिलं.

"वाळीत कुठं टाकलंय, ताई? आम्ही फक्त बोलत नाय."

पुढे दयेचा अर्ज फेटाळला गेला आणि घाटावरच्या तुरुंगातून विचारणा आली, प्रेत नेणार का? काकी एकाच गोष्टीवर अडून बसली. त्याला गावातच जाळायचं. तिनं त्याला माफ केलं असेल, असं माझ्या दोन कार्यकर्त्या मित्रांना वाटायचं. अशी गोड गैरसमजुतीची माणसं चळवळीत फार. तुरुंगात ती त्याला एकदाच भेटली होती आणि आल्यावर त्याचं नाव घेईनाशी झाली होती.

"माज्या पोटचा हाय," ती मला म्हणाली. "दुसऱ्याच्या गावावर कशाला टाकू गो बाय? हितं जन्मला, हितंच जळू दे."

मी गावकीकडे गेले. सभा देवळात. बायकांनी मंडपात बसायचं नाही, म्हणून मी पायरीशी उभी. प्रेताला जागा द्यायची की नाही हे ठरवायची हिंमत एकाही पुरुषात नव्हती, तेव्हा देवीला कौल लावायचं ठरलं. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं: आणावं असं असेल तर उजवी दे, नको असेल तर डावी. उजवी पडली. मानकरी म्हणाले, गाऱ्हाण्यात शब्द चुकला. पुन्हा लावला. उजवी. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला: आणू नये असं असेल तर उजवी दे. पडली डावी. माझा कौलावर काडीचा विश्वास नाही. ओली कळी वजनानं पडते, एवढंच मला कळतं. पण त्या दिवशी त्या कळ्यांनी मला जेवढा आनंद दिला तेवढा कुठल्याच निकालानं दिलेला नाही. कोर्टानं त्याची अपिलं फेटाळली तेव्हा हीच मंडळी न्यायाला हात जोडत होती. घरच्या देवीनं यांची अपिलं फेटाळली तर तिला ऐकू कमी येतं की काय, अशा चेहऱ्यानं बसून राहिली.

तर पेढ्यांच्या त्या दिवशी मी खोक्यापासून निघाले ती थेट गावात गेले. दुपार कलताना शववाहिका नदीकाठच्या स्मशानाशी थांबली. काकी होती, मंडणगडाकडून आलेला तिचा भाऊ होता, आम्ही तिघं होतो. बाईमाणूस स्मशानात आलं म्हणून गावातले पुरुष बांधावरून नाकं मुरडत होते. सगळे हजर, आणि सगळ्यांचे हात रिकामे. काकीच्या घरचं एक लाकूड तेवढं वाळूत पडलं होतं. मी मानकऱ्यांना विचारलं, हे काय?

"देवीनं जागा दिली," ते म्हणाले. "लाकडाचं ती काय बोलली नाय."

बांधावर कुणीतरी हसलं. आमच्यातला एकजण टेम्पो काढून खेडच्या वखारीतून लाकडं आणतो म्हणाला. काकीनं त्याला हातानंच थांबवलं. विकतची लाकडं बेवारशाला, तिच्या घराला गाव आहे, असं म्हणाली आणि प्रेताशेजारी बसली. ऊन उतरत चाललं होतं. शववाहिकेचा ड्रायव्हर घड्याळ बघू लागला.

तेवढ्यात त्या मेलेल्या म्हाताऱ्यांचा मुलगा वाटेनं उतरताना दिसला. त्या पोरीचा बाप. मुंबईत टॅक्सी चालवतो. कॅमेरेवाले सकाळपासून त्याच्या गावच्या अंगणात बसले होते, त्यांना त्यानं एक शब्द दिला नव्हता. आता खांद्यावर ऐनाचा सोट. बांधावरच्या बहुतेकांना वाटलं, प्रेताला मारायला आला. खरं तर मलाही.

त्यानं सोट सरणाच्या जागी टाकला. मानकरी पुढे होऊन म्हणायला लागले की बाबा, तू कशाला, तुझं दुःख आम्हाला ठाऊक आहे. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"काकी, आमच्या तिघांना ह्यानं लाकूड घातलं होतं," तो म्हणाला. "ते आमच्या घरावर राहिलं होतं. आता नाय."

आणि आल्या वाटेनं परत गेला. अग्नी देईपर्यंतही थांबला नाही.

माझ्या शहाण्या मित्रानं फोन काढून 'क्षमा' असं काहीतरी लिहायला घेतलं. मी तो फोन त्याच्या खिशात परत घातला. कसली क्षमा? त्या माणसाला खुन्याचं सरपणसुद्धा आपल्या अंगावर नको होतं. मी आजवर छापलेल्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढा स्वच्छ तिरस्कार नसेल.

पण ज्यांच्या दुःखाच्या आड गाव लपलं होतं त्यांचंच लाकूड येऊन पडल्यावर कुणाला सबब उरली नाही. बांध हळूहळू रिकामा झाला आणि माणसं लाकडं घेऊन उतरू लागली. खाली मान, जणू मघाशी तिथं उभं होतं ते दुसरंच कुणी. मानकरीही गेले आणि लाकूड घेऊन आले. वाळवी लागलेलं.

काकी सरण रचणाऱ्या भावाला एकेक लाकूड दाखवून देत होती. तो ऐनाचा सोट तिनं सगळ्यांत खाली घालायला लावला. मानकऱ्यांचं लाकूड हातात घेऊन तिनं उलटंसुलटं पाहिलं, झटकलं आणि त्यांच्याच हातात परत दिलं.

"वाळवीचं चालत नाय," ती म्हणाली.

स्मशानात आणलेलं लाकूड घरी परत नेत नाहीत. चिता चांगली पेटली तरी मानकरी ते काखेत धरून उभे होते.