दुधाच्या दातांवरला पहारा

माणसाचं तोंड उघडून बगितल्याबिगार त्येच्यावर इस्वास न ठिवणारा माणूस आमच्या मुलखात एकच झाला, आन त्यो माज्याच सासरी निघाला. माजं थोरलं दीर. आष्ट्याच्या बाजारात बैल घ्यायला गेलं म्हंजी बैलाचं दात बगायचं, त्यात नवाल न्हाई, समदीच बगत्यात. पण भावजी बैल इकणाऱ्याचं बी दात बगायचं. "ज्येला सोताचं दात राखता आलं न्हाईत, त्यो बैल काय राखतोय," असं त्या माणसाला तोंडावर सांगून मोकळ्या हातानं परत यायचं, आन मंग आमच्या दावणीला वरीसभर एकच बैल. एकदा भावकीतल्या एका पोरासाठी पोरगी बगायला गेलं. पोहं झालं, च्या झाला, आन हे म्हणालं, "पोरी, जरा आ कर." पोरगीनं आईकडं बगितलं, आईनं बापाकडं. बाप म्हणाला, "पावणं, पोरगी हाय, पाडी न्हवं." भावजी म्हणालं, "म्हणून तर तोंडानं सांगतोय. पाडी आसती तर जबडा धरला आसता." ती सोयरीक तितंच मोडली. फुडं त्या भावकीनं भावजींना कुठल्या बैठकीला न्हेलं न्हाई.

भावजी मिलिटरीत हवालदार व्हतं. बायकू लवकर गेली, मूलबाळ न्हाई. नोकरीतच त्येंचं दात येकेक करून काढलं आन कवळी बसिवली. "माजं दात सरकारजमा झालं," म्हणायचं. पेन्शनीत घरी आलं ते एक ट्रंक, एक बॅटरी, एक झ्याक कोल्हापुरी फेटा आन ती कवळी घिऊन. रात्री कवळी पितळंच्या गडव्यात पाण्यात पडायची, आन सकाळी तोंडात बसली की गल्लीतली चालाय लागलेली समदी पोरं लिंबाखाली वळीनं हुबी करायची. कुणी सावधान म्हटल्यावर बसायचं, कुणी बसा म्हटल्यावर पळायचं, कुणी तितंच मुतायचं. भावजी येकेकाचा जबडा वर करून उजेडाकडं फिरवायचं. ज्यो तोंड उघडायचा न्हाई त्येच्याम्होरं सोताची कवळी काढून तळव्यावर ठिवायची आन बोळक्या तोंडानं म्हणायचं, "बग. हे असं व्हतंय." एक पोरगं त्या दिवशी घरी गेलं आन निजलेल्या बापाचं दात धरून वडाय लागलं, निगत्यात का बगाय. बाप भांडाय आला. भावजींनी त्येला बी आ कराय लावलं.

बायका तर त्येंच्या खोकल्याला भ्यायच्या. पाटंचं उंबऱ्यावर बसून मशेरी लावायची सवय समद्यांची, आन त्याच बोटानं कडंवरच्या पोराच्या हिरड्या चोळायच्या, म्हंजी पोर गप ऱ्हातंय. भावजी खोकलं की डबी पदराखाली जायची. बाईमाणसाला काय बोलायचं न्हाई, पण तिच्या पोराला म्हणायचं, "बाळा, आय काळी पावडर खाती तर खाऊ दे. तू थुक."

मला बी ते कवा सरळ बोललं न्हाईत, आन मी बी त्येंच्याशी न्हाई. थोरल्या दिराम्होरं डोईवर पदर घिऊन दाराआड हुबं ऱ्हायाचं, अशी रीत व्हती. सांगायचं आसलं तर मदी एक पोर लागायचं. पोराला बोलता येवो न येवो. भावजी पोराला सांगायचं, मी आयकायची. मी पोराला सांगायची, ते आयकायचं. पोर मदी बसून पायाचा आंगठा चोखायचं.

ह्या दातांच्या वेडाला एक कारण व्हतं. ते पेन्शनीत आलं ते दुष्काळाचं साल. मी खडी फोडाय जायची. बाळू, माजा थोरला, तवा अंगावर पीत व्हता. रडणारं पोर घिऊन खडी फुटत न्हाई. म्हणून समद्या बाया करायच्या तेच मी केलं. लुगड्याच्या चिंधीत गुळाचा खडा बांदायचा आन ती पुरचुंडी पोराच्या तोंडात द्यायची. चोखत चोखत निजतंय. आमचं मालक गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचं. घरात दाणा नसंल, पण गूळ असायचाच. बाळूचं दात आलं ते पांढरं आलं आन वरसाच्या आत काळं पडून झिजलं. भाकरी चावता येईना. मंग एक दिवस गाल सुजला, डोळा झाकला, अंग तव्यावानी झालं. भावजी त्येला खांद्यावर टाकून यष्टीनं सांगलीला घिऊन गेलं. तितं त्येचं म्होरचं दात काढलं. परत आलं तवा फेट्याला रगात लागल्यालं. ट्रंकंवर बसलं आन बाळूला भाताची पेज पाजत ऱ्हायलं.

ती पेज पाजताना माजी सासू म्हणाली, "दुधाचं दात. पडायचंच व्हतं की."

"आये, बेणं किडकं लावल्यावर ऊस कसा येतोय गं?"

"तुला बी मी चिंधीच दिली व्हती."

"म्हणून तर हे," भावजी म्हणालं आन गालावरनं कवळी हलवून दावली.

सासू म्हणाली, "तुला उपाशी रडू द्यायाचं व्हतं का मी?" त्या दिसापासनं भावजींनी आयशीम्होरं कवळी हलवून दावली न्हाई.

फुडं माजी लेक इंदी झाली. ती बसाय लागली आन मला एका बागायतदाराच्या उसात भांगलणीला जायाचं झालं. मुकादमानं सांगितलं, पोर आणायचं न्हाई, रडणारं तर न्हाईच न्हाई. घरात दुसरी कमाई नव्हती, मालकांचं गुऱ्हाळ अजून सुरू व्हायाचं व्हतं. सासूला आता दिसत नव्हतं. मी चिंधी फाडली. गूळ बांदत व्हते आन भावजी दारात आलं.

"इंदे, तुज्या आयला सांग, चिंधी नगं."

मी म्हटलं, "इंदे, तुज्या मोठ्या बाबांस्नी सांग, मंग तुला सांबाळणार कोण?"

भावजी म्हणालं, "इंदे, सांग, पहारा माज्याकडं."

असा त्यो हवालदार पोर राखाय लागला. पुरुषमाणूस पोर काखंत घिऊन बांदानं चाललाय, हे आमच्या गावानं बगितलं नव्हतं. पारावरलं म्हणायचं, "हवालदार, बदली बालवाडीला झाली व्हय?" भावजी म्हणायचं, "तोंड उघडून बोल, तोंड. दिसू दे काय काय उरलंय." इंदीला निजवाय त्येंना गाणं येत न्हवतं. ते कवायत म्हणायचं, दाहिने मूड, बायें मूड, हळू आवाजात. इंदी खरंच निजायची. लगीन झाल्यावर बी तिला बँडच्या तालावर जांभया यायच्या.

पाजून झालं, खाऊन झालं, की बोटाला वली चिंधी गुंडाळून तिच्या हिरड्या पुसायच्या. दात आलं तवा दात पुसायचं. चिंधी मऊ पायजे, मलमलीची पायजे, उकळल्याली पायजे. ती कुठनं आणणार? भावजींनी फेट्याचं टोक फाडलं. ते झिजलं की फुडलं टोक. गल्लीतल्या बाया मागाय आल्या, त्येंना बी फाडून दिलं. गल्लीत जितकी तोंडं धुतली तितका फेटा आखूड झाला. गुळाशी त्येंचं वैर नव्हतं. गुऱ्हाळ लागलं की सोता पोरं घिऊन जायाचं, ऊन ऊन गूळ, काकवी, समदं द्यायाचं, आन शेवटाला पाण्याची कळशी घिऊन वाटंत हुबं. "खा. पण चूळ भरल्याबिगार घरी जायाचं न्हाई. गोड तोंडात घिऊन निजायचं न्हाई." चूळ न भरणाऱ्याला उसाच्या पाल्यानं माराय धावायचं. मारलं मात्र कुणालाच न्हाई.

एक दिवस मातर हवालदार हरला. इंदीच्या दाढा येत व्हत्या. ताप, जुलाब, आन सकाळपासनं रडणं. मी उसात खुरपत व्हते. बांदावर बगते तर भावजी, फेटा सुटल्याला, काखंत इंदी, आन दुसऱ्या हातात गुळाची पुरचुंडी. सासूनं बांदून दिल्याली. मुकादम बगत व्हता. मी उठून पदर घेतला.

"इंदे," भावजी म्हणालं, "तुज्या आयला सांग, मला हिचं रडणं बगवंना. आज येक डाव दिऊ दे."

मला बी बगवत न्हवतं. पण मला बाळूचा सुजल्याला गाल दिसला. मी म्हटलं, "इंदे, मोठ्या बाबांस्नी सांग, सांगलीची वाट इसरला का? ती चिंधी पाटात टाका म्हणावं."

मुकादम म्हणाला, "बाई, काम करायचंय का घरी जायाचंय?"

मी खुरपं ठिवलं आन इंदीला घेतलं. त्या दिसाची मजुरी गेली. उसाच्या सावलीला बसलो, मी उसाच्या वळीच्या ह्या अंगाला, भावजी त्या अंगाला, पाठ करून. गूळ पाटात गेला. भावजींनी फेट्याचं टोक फाडून कळशीतल्या गार पाण्यात भिजवलं आन उसाच्या पाल्यातनं मागं हात केला. इंदीनं ती वली चिंधी कराकरा चावली. चावता चावता निजली. दोगं बी कायच बोललो न्हाई. बोलायला मदलं पोर निजल्यालं व्हतं.

इंदीचं दात असं आलं की बगत ऱ्हावं. आठ वरसाची व्हती तवा भावजींच्या म्होरं बसून आख्खा ऊस दातानं सोलायची. त्येंना चावता येत न्हवतं, तर ती सोलून, ठेचून, वाटीत रस पिळून द्यायची. ते रस प्यायचं आन तिच्या तोंडाकडं बगायचं. आधी रस, मंग तपासणी. तिच्या लग्नात भावजी टोपी घालून बसलं, फेटा डोक्याला पुरत नव्हता.

इंदी नांदाय गेली आन घरात आमी दोगंच उरलो. मालक गेलेलं, सासू गेलेली, बाळू कराडला कामाला. मदी पोर न्हाई. भावजी म्हशीच्या रेडकाला सांगायचं, "तुज्या मालकिणीला सांग, च्या पायजे." मी रेडकाला सांगायची, "ठिवलाय."

इंदी पयल्या लेकराला घिऊन आली तवा भावजी खाटंवर पडून व्हतं, उठत नव्हतं. लेकराला खाली दोन दात आल्यालं. भावजींनी कसंबसं बोट फुडं केलं आन म्हणालं, "बाळा, तुज्या आजीला सांग, चिंधी दे म्हणावं."

मी ट्रंक उघडली. फेट्याचा हातभर तुकडा उरला व्हता. त्यो मी उकळून, वाळवून, घडी करून ठिवला व्हता. वला करून लेकराच्या हातात दिला, लेकरानं त्येंच्या हातात दिला. त्येंनी दोन दात पुसलं. मंग गडव्यातल्या कवळीकडं बोट केलं आन काय तरी म्हणालं, पण तोंडात दात नव्हतं, मला कळलं न्हाई.

आता त्ये लेकरू शाळंला जातंय. सुट्टीला येतंय, ऊस सोलतंय. मी दाराआड बसून त्येला सांगती, "बाळा, मोठ्या बाबांस्नी सांग, दात चांगलं हायती म्हणावं." लेकरू रिकाम्या खाटंकडं बगतंय आन इचारतंय, "कुणाला सांगू, आजी?"