तीन विलास आणि एक कुलूप

पोलीस पाटलांनी घमेलं उचललं आणि ते लगेच मागं सरकले. खाली कुलूप होतं. लोखंडी, मुठीएवढं, गंजलेलं, बंद. त्याच्या पोटावर टोकदार हत्याराने ठिपके मारून काढलेलं नाव होतं: विलास. कुलपाच्या शेजारी एक लिंबू होतं.

"लिंबू कोणी ठेवलं?" मी विचारलं.

"सकाळी न्हवतं," ते म्हणाले.

ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात भर दुपारी आम्ही दोघंच होतो. समोरच्या रस्त्यावर माणसं होती, पण व्हरांड्याच्या पायरीजवळ कोणी येत नव्हतं.

मी एका दैनिकाच्या इस्लामपूर कार्यालयात बातमीदार आहे. आरोग्य आणि ग्रामीण, अशी दोन खाती माझ्याकडे असतात. हे गाव कुंडलच्या पुढे आहे. नाव देत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. मात्र तीन माणसांचं नाव एकच होतं, ते इथेही एकच ठेवलं आहे.

बातमी आनंदाकडून आली. आनंदा आमचा स्ट्रिंगर, म्हणजे गावात राहून बातम्या पाठवणारा. त्याला पगार नाही, छापून आलं तर मानधन. गावाने उन्हाळ्यात सार्वजनिक विहिरीचा गाळ काढायला घेतला होता. गाळातून घागरी आल्या, मोटारीचा जुना फुटव्हॉल्व्ह आला आणि हे कुलूप आलं. नाव वाचलं गेलं आणि काम थांबलं. गाळ काढणारी माणसं बाहेरगावची होती. ती मजुरी न घेताच संध्याकाळच्या गाडीने निघून गेली.

त्या भागात जुन्या माणसांची एक समजूत आहे. पुरुषाचं नाव घेऊन कुलूप लावायचं आणि ते पाण्यात सोडायचं. मग तो पुरुष घरात असून नसल्यासारखा होतो. बायकोजवळ जाऊ शकत नाही. याला 'बांधणं' म्हणतात. डॉक्टरी भाषेत याचं नाव इरेक्टाइल डिसफंक्शन, म्हणजे लिंगाला पुरेशी ताठरता न येणं किंवा ती न टिकणं. गावात दोन्ही नावं कोणी घेत नाही. 'कमजोरी' म्हणतात आणि विषय बदलतात.

गावात विलास तीन होते. फौजी विलास, टेलर विलास आणि दुधाचा टँकर चालवणारा टँकर विलास. कुलूप कोणाचं, यावर गावाने एका दिवसात निर्णय घेतला: फौजीचं. कारण त्याचं बिनसलंय हे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांना माहीत होतं. शेजारच्या गावातल्या देवऋष्याने निर्णयाला पुढची कडी जोडली. करणी घरातल्याच पांढऱ्या कपाळाच्या बाईने केली आहे. अमावस्येच्या आत ती उंबऱ्याबाहेर गेली पाहिजे.

त्या घरात पांढऱ्या कपाळाची बाई एकच होती. फौजीची विधवा भावजय. सगळे तिला अक्का म्हणत. आई गेल्यावर फौजीला तिनेच वाढवलं होतं. तिच्या भावाला निरोप गेला होता, येऊन घेऊन जा. अमावस्या जवळ होती. आणि निरोप पाठवणारी माणसं नुसता निरोप पाठवून थांबतील, अशी आनंदाला खात्री नव्हती.

मी माने सरांना फोन केला. ते आमचे आवृत्तीप्रमुख.

"फोटो आहे?"

"आहे."

"मग आजच घेऊ. कुलूपबंद गाव. उद्या दुसरा कोणी छापेल."

"फोटोत नाव दिसतंय सर. छापलं तर अमावस्येपर्यंत थांबायचीही कोणाला गरज नाही. आणि जिच्यावर आरोप आहे तिचं व्हर्जन नाही."

व्हर्जन म्हणजे त्या व्यक्तीचं म्हणणं. ते नसेल तर बातमी होल्ड करायची, हा नियम त्यांनीच मला शिकवला होता. ते म्हणाले, "घे व्हर्जन. मी होल्ड करतो."

टेलर विलासचं दुकान फौजीच्या घराच्या वाटेवर होतं. मी येताना दिसले तशी आतली मशीन थांबली. तो गळ्यात टेप घालून दारात आला. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "म्याडम, तुमी वाचलंसा न्हवं नीट? विकास तर न्हाई त्ये? ल आणि क सारखंच दिसतंय."

"ल आहे," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि आत गेला. मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज मला आला नाही. टँकर विलास कुलूप निघाल्यापासून गावात दिसला नव्हता. टँकर मात्र डेअरीबाहेर उभा होता. काचा वर केलेल्या होत्या.

फौजी विलासच्या घरी आधी त्याची बायको भेटली, सुरेखा. तिने मला गोठ्याच्या बाजूला नेलं. फौजी पेन्शन घेऊन गावी आला, तेव्हा सगळं ठीक होतं. नंतर कमी होत गेलं. गेलं दीड वर्ष काहीच नाही. तो वेगळा झोपतो. मित्राकडून कसल्या तरी गोळ्या आणतो, त्यांनी डोकं दुखतं. दवाखान्याचं नाव काढलं की उठून जातो. लढाईतल्या माणसाला असलं काही होत नाही, म्हणतो. कुलूप निघाल्यापासून मात्र त्याचा चेहरा जरा सुटल्यासारखा झाला होता.

"का?" मी विचारलं.

"कारण घावलं की त्यास्नी," ती म्हणाली. "दोष आता दुसऱ्याचा. पर अक्कांच्या हातचं पाणीसुदिक पित न्हाईत. त्या म्हाताऱ्या बाईनं कुटं जायाचं?"

अक्का परसात सुपात गहू पाखडत होत्या. मी ओळख सांगितली. कुलपाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे, असं विचारलं. या प्रकरणात हा प्रश्न त्यांना अजून कोणीच विचारला नव्हता. त्यांनी कुलूप पाहिलंही नव्हतं.

मी मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. त्यांनी सूप खाली ठेवलं. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"ह्ये नाव मीच घातलंय," अक्का म्हणाल्या.

सुरेखा माझ्या मागे दारात उभी होती. तिच्या हातातली घागर जमिनीला लागल्याचा आवाज आला. मी वाक्य वहीत लिहिलं. लिहिताना माझ्या मनात एवढंच होतं, की हे वाक्य या परसाबाहेर गेलं तर ही बाई वाचणार नाही.

"कशाला घातलंत?"

"कशाला म्हंजे? फौजंत निघालं तवा ट्रंकंला घेतलं. समद्यांच्या ट्रंका एकसारख्या असत्यात म्हनलं. भांड्यावर नावं घालणारा बसायचा बाजारात, त्याच्याकडनं घालून घेतलं. एक किल्ली त्याला दिली, एक माज्याजवळ ठेवली. पोरगं हरवंल म्हणून."

त्या उठल्या. आतून पानसुपारीची चंची घेऊन आल्या. तिच्या तळातून किल्ली काढली. काळा दोरा बांधलेली.

फौजी विलास ओसरीवर बसून सगळं ऐकत होता. मी त्याला विचारलं, हे कुलूप तुमच्या ट्रंकेचं आहे का. तो म्हणाला, असेल. तो रिटायर होऊन आला तेव्हा ट्रंकेला दुसरं कुलूप होतं. पहिलं कधी गेलं, कुठे गेलं, त्याला आठवत नव्हतं. सुट्टीवर आल्यावर विहिरीवर अंघोळ करायचा, एवढंच आठवत होतं. हे सांगताना तो अक्कांकडे नाही, किल्लीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप उघडायचं ठरलं. सर्वांसमक्ष, व्हरांड्यात. पोलीस पाटलांनी घमेलं उचललं. या वेळी लिंबू नव्हतं. पण कुलपाच्या तोंडातून तेल ओघळलेलं होतं, आणि किल्लीच्या भोकाभोवती ताजे, चकचकीत ओरखडे होते. कोणीतरी येऊन ते उघडायचा प्रयत्न करून गेलं होतं. ओरखडे दोन जातीचे होते. काही बारीक, सुईसारखे. काही जाड, पान्याचे असावेत तसे. मी टेलरकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. टँकर विलासही आला होता. तो गर्दीच्या सगळ्यात मागे उभा होता. तिन्ही विलास एकमेकांकडे बघत नव्हते.

अक्कांनी आदल्या दिवशीचं सगळं पुन्हा सांगितलं. नाव मीच घातलंय, हे वाक्य ऐकून गर्दी हलली. कोणीतरी म्हणालं, बाई कबूल झाली. तेव्हा अक्का पोलीस पाटलांकडे वळल्या.

"आवं पाटील, तुमच्या आईच्या तांब्यावर तुमच्या बापाचं नाव हाय. मी त्यातनं पाणी पिलीया. त्यास्नी कुणी बांधलं व्हतं का? तुमी झालाच की."

पहिल्यांदाच गाव हसलं. पण मागून आवाज आला, "नाव हिनं घातलं आसंल. पाण्यात टाकलं कुणी?" हसणं थांबलं. अक्कांनी किल्ली पाटलांपुढे धरली.

पाटलांनी कुलपाला रॉकेल लावलं. किल्ली फिरवायला कोणी पुढे येईना. शेवटी फौजीच आला. किल्ली अडली, मग फिरली. कडी सुटली. आणि आतून पाणी आलं. थोडंसंच, काळं. ते कुलूप कित्येक दिवस चैत्राच्या उन्हात तापलेल्या घमेल्याखाली पडून होतं.

सगळे फौजीकडे बघत होते. त्याच्या कमरेकडे बघायचं नाही, याचा प्रयत्न प्रत्येकजण करत होता.

परत येताना गाडीत मला एक गोष्ट उमगली आणि ती मुळीच चांगली नव्हती. कुलूप आता उघडलं होतं. फौजी आता बरा झाला, तर कुलपातच दोष होता असं सिद्ध होणार होतं, आणि नाव घालणाऱ्या अक्का दोषी ठरणार होत्या. त्या वाचायच्या असतील तर त्याचं दुखणं कायम राहायला हवं होतं.

हे सुरेखालाही कळलं होतं. अमावस्येच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"म्याडम, काय फरक न्हाई," ती म्हणाली. "लय बरं झालं."

ती हसत होती की रडत होती, फोनवर समजलं नाही. तिने नवऱ्याला विचारलं होतं, कुलूप उघडलं, आता कुणाचं नाव घेणार? तो म्हणाला, कुठं जायचं ते सांग.

मी त्यांना इस्लामपुरातल्या एका फिजिशियनकडे नेलं. फौजीने मला आत बसू दिलं, ते एका अटीवर: बातमीत तो 'एक माजी सैनिक' असेल. डॉक्टरांनी आधी नेहमीचे प्रश्न विचारले. तहान, लघवी, तंबाखू. मग त्याच सुरात, पहाटे झोपेत ताठरता येते का, असं विचारलं. येत असेल तर शरीराची यंत्रणा बहुधा शाबूत असते, ताण किंवा भीती आड येत असते. तेही बरं होतं. येत नसेल तर रक्तवाहिन्या, नसा, हार्मोन बघावे लागतात. फौजी म्हणाला, येत नाही. रक्त तपासलं. साखर बरीच वाढलेली होती, आणि ती आजकालची नव्हती.

"ठिबक आहे का शेतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाय की. ऊस हाय."

"क्षार धरला तर आधी काय तुंबतं?"

"बारकी नळी. मेन लाईन मागनं."

"इथंही तसंच. ही बारीक नळी आहे, म्हणून आधी तुंबली. हृदयाची तिच्याहून मोठी. ती तुंबायची वाट बघायची नाही."

त्यांनी हृदयाची तपासणी लिहून दिली. मित्राच्या गोळ्या काढून घेतल्या. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसाने ताठरतेची ही गोळी घेतली, तर रक्तदाब एकाएकी इतका खाली येतो की माणूस दगावू शकतो. ती वाईट गोळी नाही, पण तपासल्याशिवाय घ्यायची नाही, असं ते म्हणाले. सुरेखाने विचारलं, ह्यात माझं काय चुकलं का. डॉक्टर नाही म्हणाले. फौजीने त्या वेळी तिच्याकडे पाहिलं.

तंबाखू सुटली, साखर उतरली, औषधं सुरू झाली. हृदयात सुरुवातीचा दोष सापडला, त्यावरही उपचार चालू आहेत. काही महिन्यांनी सुरेखा बाजारात भेटली. जास्त काही बोलली नाही. ते आता आत झोपतात, एवढंच म्हणाली. अक्का त्याच घरात आहेत. कुलूप उघडूनही फरक पडला नाही, हे भिंतीपलीकडच्या घरांतून तेव्हाच गावभर झालं होतं; अमावस्येला त्यांचा भाऊ आला, जेवला आणि परत गेला.

बातमी पाचव्या पानावर लागली. मधुमेह आणि पुरुषांचं न बोललं जाणारं दुखणं, असा विषय. कुलपाचा उल्लेख नाही, फोटो नाही. माने सर म्हणाले, बातमी चांगली आहे, पण कुलूप असतं तर पहिल्या पानावर गेली असती. ते खरं होतं.

कुलूप विहिरीत कसं गेलं, हे आजही कोणाला माहीत नाही. पोलीस पाटलांनी ते मला दिलं, कारण गावात कोणी ठेवून घेईना. माझ्या टेबलाच्या खणात आहे. उघडंच ठेवते.

बातमी आल्यावर टेलर विलासने फोन करून डॉक्टरांचा पत्ता मागितला. मित्रासाठी हवा आहे, म्हणाला. टँकर विलासने आनंदाकरवी मागितला. तोही मित्रासाठीच. त्यानंतर गावातून आणखी फोन येत राहिले. त्यांतल्या एकाचंही नाव विलास नव्हतं.