मुकादमाने पाठ दिली

"ठेव हात दगडावर!" सगळे हमाल ओरडत होते. त्या गुंडाने तिसऱ्यांदा माणूस भोसकला होता, आणि या वेळी भोसकलेला माणूस माझा जावई होता. दोनदा तुरुंगात जाऊनही हा सुधारला नाही, म्हणून आता त्याचा हातच मोडायचं ठरलं. कांदा मार्केटात माझी चहाची टपरी आहे. मीही ओरडत होते.

तेवढ्यात आमचा मुकादम आला. हा माणूस चहा बशीतच पितो आणि भांडणातही समोरच्याला "अहो" म्हणतो. त्याने गोणी ओढायचा टोकदार हूक त्या गुंडाच्या हातात दिला आणि त्याच्याकडे पाठ करून वाकला.

"अहो, पोलीस येईपर्यंत माझ्या पाठीवर गोण्या तरी चढवा."

"येडा झालास का रे!" मी किंचाळले. "हात मोड त्याचा!"

"मग तो डाव्या हाताने भोसकेल, मावशी."

हूक वर गेला. हूक थप्पीवरच्या गोणीत रुतला आणि गोणी मुकादमाच्या पाठीवर बसली.

पोलिसांनी नेलेला तो गुंड तुरुंगातून सुटल्यावर मुकादमाने त्याला तेच गोण्या चढवायचं काम दिलं. अजून दुसरा कोणी त्याला पाठ देत नाही. मलाही ते पटलेलं नाही.

जावई वाचला. गुंड वाचला. मुकादमही जिवंत आहे.