माधवदादाचं पथ्य

माधवदादा गेल्याचं त्याच्या मुलाने फोनवर हिंदीतच सांगितलं. "काका, बाबा नहीं रहे. हार्ट..." त्याला महिना होऊन गेला आणि मला राहून राहून आठवतो आहे तो माझ्या या मावसभावाचा डावा गाल.

सहा वर्षांपूर्वी त्या गालातल्या लाळग्रंथीत गाठ निघाली. साधीच होती, काढली, दादा वाचला. पण जखम भरून काही महिने झाले आणि जेवताना त्या गालाला घाम फुटू लागला. डॉक्टर म्हणाले, "पंडितजी, कटी हुई नसें गलत जगह जुड़ गईं।" लाळेचा निरोप घामाला पोचत होता. आंबट नुसतं दिसलं तरी गाल लाल होऊन निथळायचा.

आता असा ऐवज माझ्यासारख्या नकलाकाराच्या हाती लागल्यावर...! गणपतीत झाशीतली आम्ही सगळी मराठी घरं पंगतीला बसलेली. मी लिंबाच्या लोणच्याची फोड उंच धरून गारुड्याच्या थाटात ओरडलो, "मेहरबान, कदरदान! हाथ नहीं लगाऊँगा, गाल रोएगा!" गाल खरंच निथळला. पोरांनी टाळ्या पिटल्या. दादाही हसला. पंच्याने गाल पुसत म्हणाला, "नालायका, तिकीट तरी लाव!" एवढी दाद मिळाल्यावर मी थांबतो होय? आणखी दोनदा फोड दाखवली.

पुढच्या वर्षीपासून दादा पंगतीला बसेना. आरती खणखणीत म्हणायचा आणि पानं मांडायला लागली की चपला शोधायचा. "पथ्य आहे रे." आमच्या घरांत पथ्य म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

तेराव्याला वहिनींना म्हटलं, "एवढं कडक पथ्य पाळलं, तरी..."

"कसलं पथ्य, भाऊजी? सगळं खायचे. फक्त स्वयंपाकघरात, दार लोटून."

"माझ्यावर रागावला होता?"

"छे हो! तुमच्या नकला आम्हाला करून दाखवायचे. म्हणायचे, त्याचा काही दोष नाही, त्याला मोह आवरत नाही."

रागावला असता तर पाय धरले असते...

मी माझं पान त्या स्वयंपाकघरातच वाढायला सांगितलं. त्याचा पाट भिंतीकडे तोंड करून होता. समोर हातभर अंतरावर चुन्याची कोरी भिंत. पाच वर्षं दादा माझ्याऐवजी हिच्यासमोर जेवला. ती एकदाही हसली नव्हती.