दाराबाहेरचे व्याही

साऱ्या नगर जिल्ह्यात माझ्या व्याह्यांइतका नियमाचा माणूस झाला नाही, आणि नियमाला त्यांच्याइतकं घामाघूम करणाराही दुसरा झाला नाही. ते नगरला शाळेत सुतारकाम शिकवायचे. मास्तर निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातली घडीची फूटपट्टी काही निवृत्त झाली नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी चहा नाही, पाणी नाही. खाट हलवून बघायची. माझ्या मुलीला मागणी घालायला सुप्याजवळच्या आमच्या वस्तीवर आले, तर खाटेवर बसलेल्या आमच्या भावकीला उठवलं, खाट उलटी केली आणि डुगडुगत्या पायाला खालून चकती ठोकत बसले. आमचे हे म्हणाले, "मास्तर, तुमी पोरगी बघाया आलाय का खाट?" तर शांतपणे म्हणतात, "पोरगी माझ्या मुलानं बघितलीय. खाट कुणीच बघितली नव्हती."

मुलगी नगरला नर्सिंग शिकायला गेली, तिथं व्याह्यांच्या मुलाशी जुळलं, आणि पुढं तिनं बाप्तिस्माही घेतला. घरात महिनाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही. ते सगळं आता उकरत नाही. शेवटी आमच्या ह्यांनीच म्हटलं, पोर सुखात ऱ्हायली म्हंजी झालं, आणि मी डोळे पुसून लाडू वळायच्या गोष्टी बोलायला लागले.

पण एक अडचण होती. व्याह्यांची ख्रिस्ती मंडळी अगदी लहान, पंचवीस-तीस घरांची, आणि कडक. लग्नाच्या शपथा व्हायच्या तेव्हा मंडळीच्या वहीत ज्यांची नावं, तेवढेच प्रार्थनाघराच्या आत. बाकी सगे असोत की सोयरे, बाहेर. बरं, आधी सगळ्यांदेखत कोर्टात लग्न लावावं, तर मंडळीचा आशीर्वाद मिळायला वर्षभर थांबायचं, आणि तोवर ती दोघं मंडळीच्या लेखी बिनलग्नाची. मुलगी म्हणाली, "आई, तू म्हणशील तर थांबते." वर्षभर लोकांची तोंडं कोण धरणार? मी म्हटलं, बाई, नको थांबू. म्हटलं खरं, पण पोटच्या पोरीचं लग्न आणि आईनं बघायचं नाही, हे काही गळ्याखाली उतरेना.

आणि त्या दारावर गेली वीस वर्षं राखणीला कोण, तर आमचे व्याही. दारही त्यांनीच केलेलं, कडीही त्यांचीच. एकदा म्हणे एका पुण्याच्या बड्या साहेबाला त्यांनी दारात अडवलं. साहेब म्हणाला, मी कोण आहे ठाऊक आहे का? व्याही म्हणाले, "ठाऊक आहे, म्हणूनच वहीत दोनदा शोधलं. नाही सापडलात." अशा माणसापुढं मी काय पदर पसरणार?

बाहत्तरच्या दुष्काळातलं लग्न. आंघोळीला तांब्याभर पाणी आणि पंगतीला रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. आमची माणसं लिंबाखाली बसली. मी पायरीपाशी गेले, तर तिथं दाराला लागून एक नवा कोरा बाक. व्याही म्हणाले, "विहीणबाई, हा तुमचा. हलवून बघा, डुगडुगत नाही." मुलगी आत गेली. जाताना तिनं मागं वळून बघितलं, आणि मी उगाचच हसले. व्याह्यांनी दार लावलं. पण बाहेरून लावलं, आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

"अहो मास्तर, तुम्ही आत जा. पोराचं लगीन हाय."

"त्याची आई आहे आत."

"पण तुम्ही बाप."

"राखणदारानं दाराच्या कुठल्या बाजूला बसायचं, ते नियमात लिहिलेलं नाही. काल सगळं वाचून काढलं."

मग त्यांनी दाराला कान लावला. आतलं लाकडी व्यासपीठ त्यांच्याच हातचं, फळी न् फळी ओळखीची. म्हणाले, "ही कुरकुर तिसऱ्या फळीची. तुमची मुलगी पुढं आली. आता दोघं उभी. माझा मुलगा अडखळला बघा. घसा कोरडा पडलाय गाढवाचा." कान तसाच ठेवून म्हणाले, "मुलीचा आवाज स्वच्छ आला. जरासुद्धा कापला नाही." तेव्हा मात्र मी पदर तोंडाला लावला. ते माझ्याकडं न बघता बोलत राहिले, "माझ्या लग्नात माझा थोरला भाऊ असाच इथं बसला होता. त्यानंच मला वाढवलं, पण वहीत नाव नव्हतं. दार उघडलं तेव्हा तो निघून गेला होता. इथं बसल्यावर कसं वाटतं, ते मी वीस वर्षांत एकदाही बसून बघितलं नाही."

मंडळीत मोठा गदारोळ झाला. राखणदारच बाहेर म्हणजे काय! व्याह्यांना तेच हवं होतं. पुढच्या सभेत ते उभे राहिले आणि चार रविवार बसलेच नाहीत म्हणा. नियमाचं एकेक वाक्य खाटेसारखं उलटं करून दाखवलं. शेवटी वर्षाची अट गेली. सकाळी सगळ्यांदेखत कोर्टात लग्न, आणि त्याच दिवशी प्रार्थनाघरात आशीर्वाद, दार उघडं. ही बातमी द्यायला भर उन्हात एस.टी.नं आमच्याकडं आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या कामाला काही आलं नाही हे. उशीर केला मी." मी म्हटलं, "तुम्ही शेजारी बसलात, तेव्हाच पोरीचं लगीन बघून झालं माझं." त्यांनी मान खाली घातली. त्या दिवशी खाट हलवून बघायचंही विसरले.

नव्या नियमाचं पहिलं लग्न माझ्या मुलीच्याच एका मैत्रिणीचं झालं. राहुरीकडची पोर. तिची आई कपाळभर कुंकू लावून पहिल्या रांगेत बसलेली, मी तिच्या मागं. व्याही सताड उघड्या दाराशी उभे होते, आणि नवरा-नवरीकडं नाही, त्या बाईकडंच बघत होते. मध्येच तिनं मागं वळून मला विचारलं, "तुमचं कोण लागतंय हो हितं?"

आज व्याही नाहीत. असते तर त्यांच्याविषयी असं चारचौघांत लिहू दिलं नसतं. त्या बाईनं विचारलं तेव्हाही सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं, आणि मला बोलायला आवडतंही फार. पण मी एवढंच म्हटलं, "ते दाराशी उभे हायेत ना, ते माझे व्याही." तिनं बरं म्हणून मान हलवली आणि पुन्हा लेकीकडं वळली. तिला बघायचं होतं. मी कशाला मध्ये बोलू?